हरला तो उठला

'हल्ली गेममध्ये मजाच येत नाही,' असं मी जेवताना सहज बोलून गेले आणि घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. अम्मीने तर न मागता माझ्या ताटात आणखी एक घावन वाढलं.

"वय झाला गो आता तुजा त्या खेळाचा," ती म्हणाली. चोवीस वर्षांची मुलगी टीव्हीपुढे मांडी ठोकून राक्षस मारते, हे तिला कधी पटलंच नव्हतं.

माझा भाऊ साकिब कुवेतहून रजेवर आला होता. ही नवी कोरी गेम त्यानेच माझ्यासाठी आणली होती. तो म्हणाला, "मग अमनला देतंय. रविवारी खेडला जायचाच हाय."

अमन म्हणजे भाईचा होणारा मेव्हणा. ताटातले मासे संपायच्या आत माझी गेम सगळ्यांच्या मनात खेडच्या एस.टी.त बसलीसुद्धा. मला विचारायचं नाव नको. मजा येत नाही म्हणजे वस्तू नको, असा सरळ हिशोब.

रविवारपर्यंतच्या दोन दिवसांत मी घरात कुणाशी धड बोलले नाही. राग होताच, पण खरं सांगायचं तर भीती जास्त होती. अम्मीचंच बरोबर असेल तर? माझ्यातलंच काहीतरी सुकलं असेल तर? लहानपणापासून जी एकच गोष्ट मला इतर कुणाहीपेक्षा चांगली येत होती, ती अशी गुपचूप मरून गेली असेल तर?

अठ्ठ्याण्णव साली अब्बांनी पहिली टीव्ही गेम आणली, तेव्हा आमच्या राजिवड्यातली सगळी पोरं दुपारी आमच्याकडे पडीक असायची. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. भांडणं इतकी व्हायची की भाईने नियम केला: हरला तो उठला. एकदा तो स्वतः रंगात आला असताना लाइट गेली आणि मी त्याची जागा बळकावायला धावले, तेव्हा त्याने तिथल्या तिथे नियमाला शेपूट जोडलं: लाइट गेली म्हणजे हार नाही. बसलेला बसूनच राहणार, खेळायचा रिमोट त्याच्याच हातात. नियम केला त्याने आणि वापरला मी, कारण मी सहसा हरायचेच नाही.

आता नवी गेम घ्या. चित्रं अशी की पाण्यात हात घालावासा वाटतो. पण रस्ता एकदम रुंद झाला आणि औषधाच्या बाटल्या फुकट सांडलेल्या दिसल्या, की पुढे मोठा राक्षस उभा आहे हे मला न बघता कळतं. भिंत जरा वेगळ्या रंगाची दिसली की मागे खोली असणार. इतकी वर्षं खेळून गेम बनवणाऱ्यांच्या सगळ्या खोडी मला पाठ झाल्या होत्या. त्यात खेळलेलं सगळं जपून ठेवणारं मेमरी कार्ड. मेलं तरी दोन पावलं मागून पुन्हा सुरू. आणि त्याच्यावर कडी म्हणजे भाईने माझा खेळ मोडू नये म्हणून घरात इन्व्हर्टर बसवून घेतला होता! बिचाऱ्याने मायेने माझी सगळी भीती काढून घेतली होती. भीतीच नाही तर मजा कुठून येणार?

हे डोक्यात शिरलं रविवारी सकाळी, भाई गेम भरायला रिकामा खोका शोधत होता तेव्हा. मी उठले, इन्व्हर्टरचं बटण बंद केलं, मेमरी कार्ड उपटून कपाटात टाकलं आणि पहिल्यापासून खेळायला बसले.

"येडी झालीस काय?" अम्मी स्वयंपाकघरातून ओरडली. "लाइट गेली तर?"

"गेली तर गेली!"

लोडशेडिंगचं वेळापत्रक तेव्हा पेपरात छापून यायचं आणि लाइट आपल्या मर्जीने जायची. गेम बनवणाऱ्यांच्या खोडी मला माहीत होत्या, पण रत्नागिरीच्या लाइटची खोड ओळखणारा माणूस अजून जन्मला नव्हता.

मी खेळत सुटले. तीच गेम, तेच राक्षस, मागच्या आठवड्यात जांभया देत मारलेले. पण आता वर पंखा जरा मंदावला तरी काळजात धस्स होत होतं. एखादी बाटली उचलायला वळावं की पुढे पळावं, यावर जीव टांगला होता. तळहात घामाने निसटत होते, मी ते ओढणीला पुसत होते आणि हसत होते. नव्हतं सुकलं काही. सगळं जागच्या जागी होतं.

दुपारी भाई शर्ट घालून, खोका घेऊन दारात आला. मी शेवटच्या राक्षसाशी भिडले होते.

"उठ आता. माजी गाडी चुकल."

मी मान वळवली नाही. राक्षस गुडघ्यावर आला. आणखी एक घाव घातला की संपला असता. मी हात उगारला आणि पंखा थांबला. पडदा काळा.

मी अशी किंचाळले की अम्मी पळी घेऊन बाहेर आली. सकाळपासूनचं सगळं पाण्यात गेलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"सगळा गेला ना?" भाईने खोका पुढे केला. "चल, उठ."

"मी हरले का?"

"लाइट गेली गो."

"लाइट गेली म्हणजे काय, भाई?"

खोका त्याच्या हातात हळूहळू खाली आला. अम्मी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघू लागली.

"नियम तुझाच आहे," मी म्हणाले आणि काळ्या पडद्यासमोर रिमोट धरून मांडी आणखी पक्की केली. "अमनला सांग, हवी तर इकडे ये आणि मला हरवून घेऊन जा."