इस्त्रीवालीच्या हाताला सैल झालेली बेडी

मी एक जुनी बेडी आहे, मित्रांनो. घाबरू नका. माझे दाते आता गंजले आहेत आणि माझी किल्ली कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. आता मी फक्त बोलू शकते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझे माप ठरवायची वेळ आली तेव्हा तिथल्या मुकादमाने आपलेच मनगट पुढे केले. मुकादम चांगला दणकट होता. मी त्याला चोख बसले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच मापाच्या पाच हजार बेड्या तयार झाल्या. मुकादमाची बायको तेव्हा डबा घेऊन दाराशीच उभी होती. तिचे मनगट कुणी मोजले नाही. तिचा आणि बेडीचा काय संबंध?

पुढे माझी नेमणूक एका पोलीस चौकीत झाली. खिडकीजवळच्या खिळ्यावर मी लटकत असे. दर शनिवारी मला शिवणयंत्राचे तेल मिळे. तेव्हा माझा काय थाट होता! साहेब लोक म्हणत, "बेडी असावी तर अशी." दहा माणसे आणली तर त्यांतले नऊ पुरुष असत. कुणी मला शिव्या देई, तर कुणी नवे घड्याळ मिरवावे तशी मला मित्रांना दाखवी.

एकदा एक प्राध्यापिकाबाई प्रश्नांची यादी घेऊन आल्या. "बायका गुन्हे कमी का करतात?" असा त्यांचा पहिला प्रश्न होता.

हवालदार म्हणाले, "बायका मुळातच सोशिक असतात हो."

कोपऱ्यात चहा पिणाऱ्या महिला शिपाईबाई हसल्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. "सोशिक कसल्या डोंबलाच्या! बाई, माझा भाऊ रात्र रात्र बाहेर असायचा, त्याला कुणी हूं की चूं केलं नाही. मी कोपऱ्यावरून दूध आणायला निघाले तरी तीन जण विचारायचे, कुठे चाललीस, कुणाबरोबर, कधी येशील. गुन्हा करायला आधी घराबाहेर तर पडायला हवं!"

प्राध्यापिकाबाईंनी हवालदारांचे उत्तर लिहून घेतले.

त्यानंतर काही दिवसांनी इस्त्रीवाली आली. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात ती चादरींना इस्त्री करी. तिथून चाळीस चादरी चोरीला गेल्या होत्या. छत्तीस चादरी धुलाईखान्याची गाडी चालवणाऱ्याने विकल्या. फाटक्या चार हिने घरी नेल्या, मुलीच्या फ्रॉकला अस्तर लावायला. दोघांनी गुन्हा कबूल केला. निकालाच्या दिवशी माझी एक कडी गाडीवाल्याच्या हातात चढवली आणि दुसरी हिच्या.

आणि मित्रांनो, माझी फजिती झाली. गाडीवाल्याला मी झकास बसले. हिच्या मनगटावर मात्र मला शेवटच्या दात्यापर्यंत आवळले तरी मी घसरून थेट बोटांवर येत होते. मावशींच्या कपाळाला आठ्या पडल्या. इस्त्रीवालीच म्हणाली, "असू द्या मावशी, मी कोपर वाकवून धरते. तुम्हाला उगाच बोलणी नकोत." आणि माझा भार सांभाळत ती कोर्टात गेली.

जाताना मावशींनी तिच्या कानात सांगितले, "हे बघ, आत गेलीस की रड. मागच्या महिन्यात बंगल्यातली एक बाई दागिने चोरून आली होती. असा काही रुमाल भिजवला तिने, की साहेबांनीच तिला पाणी दिलं आणि घरी पाठवलं."

"मला नाही हो जमत रडायला. घरी रडायला बसले तर भाजी करपते. मोडलीच सवय." मग ती हळूच म्हणाली, "पोरीची शाळा साडेबाराला सुटते. फाटकाशी उभी राहा, मी येते, असं सांगून आलेय. होईल ना तोवर?"

मुलीला बाप होता. पण 'चोर बाईशी माझा संबंध नाही' असा निरोप पाठवून तो मोकळा झाला होता. गाडीवाल्याच्या मागे मात्र आई, बायको आणि बहीण अशा तिघी उभ्या होत्या. रडण्याचे काम त्याच्या वतीने त्या करत होत्या.

न्यायाधीशांनी आधी गाडीवाल्याकडे पाहिले. "कर्ता माणूस आहे. घर याच्यावर चालतं. पुन्हा असं करू नकोस." चांगल्या वागणुकीच्या हमीवर तो सुटला. मावशींनी त्याची कडी उघडली.

त्याच क्षणी भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले. इस्त्रीवालीने चटकन मान वळवली, तिचे कोपर सरळ झाले आणि सुटलेल्या कडीच्या ओझ्याने मी तिच्या हातातून निसटून फरशीवर आदळले. खणखणीत आवाज झाला. मावशी पांढऱ्याफटक पडल्या. इस्त्रीवाली वाकली, तिने मला उचलले आणि स्वतःच्या हाताने मला पुन्हा स्वतःच्या मनगटावर चढवले. कट्ट!

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "बेडी स्वतःच घालता येते? सराईत दिसते ही बाई. डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. आई असून असं!"

तिला सहा महिन्यांची कैद झाली.

तुरुंगाची गाडी शाळेवरून गेली. एक मुलगी फाटकाशी उभी होती, सांगितल्याप्रमाणे. रस्ता मोकळा झाला होता, बाकीची मुले गेली होती. मावशी पुढे ओरडल्या, "अरे, थांबव जरा!" पुढून उत्तर आले, "थांबायचा हुकूम नाही, मावशी." इस्त्रीवालीने मला पिशवीखाली लपवले आणि मी पुन्हा निसटू नये म्हणून दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवले.

मी निसटले याची मोठी चौकशी झाली. समिती बसली. तिने चादरींचा विचार केला नाही, मुलीचाही नाही, पण बायकांची मनगटे लहान असतात हे शोधून काढले. चार महिन्यांत लहान मापाच्या नव्या बेड्या आल्या. व्यवस्थेने बायकांचा वेगळा विचार केला म्हणून प्राध्यापिकाबाईंनी त्यावर कौतुकाचे पानभर लिहिले. नव्या बेड्या कुणालाच सैल होत नाहीत. मला खणात टाकले. शनिवारचे तेल त्यांना मिळते.

अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायचे असते. मी तेल मागत नाही. मित्रांनो, तुमची शाळा सुटली की एकदा फाटकाकडे पाहा. तिथे कुणी एकटी उभी असेल, तर तिच्याजवळ थोडा वेळ थांबा. त्याने कुणाची आई येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी थांबा.