आत्याच्या पानाचं वजन

ठोंब्याला लहानाचा मोठा आत्यानं केला. त्या उपकारांची फेड म्हणून त्यानं तिला आपल्या कंपनीच्या साइटवर खातं उघडून दिलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी तिथे रोज दोन ओळी लिहायच्या. लिहिल्या की नातेवाइकाला हिरवा ठिपका दिसतो. ठोंब्या ठिपका बघायचा. ओळी वाचायला सवड कुणाला?

साइट फार जड झाली, म्हणून त्यानं मिडलवेअर बसवलं. सर्व्हरकडून निघालेलं उत्तर ते वाटेतच धरायचं आणि आवळून लहान करायचं. तेच शब्द पुन्हा आले तर एकदाच ठेवायचे, बाकी ठिकाणी नुसती खूण. दुपारी तो आणि शेजारच्या टेबलावरची ताई पानांची आधीची आणि नंतरची वजनं ताडून बघत होते.

"सगळी पानं चौथाईवर आलीत," ताई म्हणाली. "आणि हे बघ, विसावा हिस्सा! कोण रे ही बया? रोज तीच टेप लावते?"

"आत्या आहे माझी."

"तरीच! वळण घरचंच."

ठोंब्या हसला, पण हसू अर्ध्यावरच विरलं. आत्या शिवीसुद्धा दुसऱ्यांदा तीच देत नसे. त्यानं कित्येक महिन्यांनी तिच्या ओळी उघडल्या. मागच्या महिन्याच्या पानावर गुडघा कुरकुरत होता, वरची बाई भांडत होती, "ठोंब्या जिवंत आहे ना?" अशी चौकशीही होती. या महिन्याच्या पानावर वीस दिवस होते आणि वीसही दिवस एकच मजकूर: मी ठीक आहे. दार लावलं आहे.

त्यानं फोन लावला.

"मी ठीक आहे. दार लावलं आहे." आवाज आत्याचाच.

"गुडघा कसा आहे गं?"

"मी ठीक आहे. दार लावलं आहे." श्वाससुद्धा त्याच जागी.

तो धावतच तिच्या घरी पोचला. दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर, खुर्चीवर, चहाच्या कपात वीस दिवसांची धूळ. आत्या कुठेच नव्हती. टेबलावर तिचा फोन तेवढा स्वच्छ होता, नुकताच पुसल्यासारखा.

"आत्या, मी वाचलं गं," तो पुटपुटला. "आज वाचलं."

मागे दार हळूच लागलं.

फोनचा पडदा उजळला. एकविसाव्या दिवशी मजकूर बदलला होता: ठोंब्या आला. आम्ही ठीक आहोत. दार लावलं आहे.

ऑफिसात ताईच्या पडद्यावर आत्याचं पान अजून उघडं होतं, त्यावर हिरवा ठिपका उमटला. तिनं तो पाहिला आणि पुढच्या पानाचं वजन बघायला घेतलं.