उजवा हात, डावा हात

मुलांना नेतृत्व आणि चारित्र्य शिकवता येतं का, असा वाद माझ्याशी कुणी घालू नये. येतं. बहादरपुरच्या आमच्या शाळेत सहावी ते आठवीला दर शनिवारी मीच तो कोर्स घेते आणि पोरं बदललेली मी पाहिलीत. सातवीतल्या कोकिळाचंच घ्या. ही मुलगी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. यंदा नदीच्या राजघाटावर सहल नेली, तेव्हा पाण्यात उतरायला निघालेल्या आठवीच्या पोरांना तिनं असं झापलं, की ती मुकाट वर येऊन बसली. मला त्या दिवशी किती आनंद झाला, काय सांगू.

पण कोर्स देणाऱ्या संस्थेला माझ्या सांगण्यानं भागत नव्हतं. त्यांना मूल्यमापन हवं होतं. त्यासाठी इंदूरहून तृप्ती मॅडम येणार होत्या, आणि त्यांना मुलांत फरक दिसला नाही तर कोर्स इथून उचलून दुसऱ्या गावच्या शाळेला देणार होते. हे कळल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला.

आमचे मुख्याध्यापक गिरधर सर मात्र निवांत. त्यांनी शहरातल्या शनवारा बाजारातून मावा जिलेबी मागवली, ऑफिसात केळीचा अख्खा घड मांडून ठेवला आणि मला म्हणाले, वैजयंतीबाई, तुमची ती हातांची युक्ती काढा बाहेर.

ती युक्ती अशी. पाहुण्यांनी प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मग मी उजव्यातलाच एखादा उठवायचा. आजवर जे जे साहेब तपासणीला आले, ते आमच्या पोरांची हुशारी वाखाणत परत गेले. प्रामाणिकपणाच्या कोर्सला हे शोभतं का, असं क्षणभर मनात आलं होतं. पण कोर्स वाचवायचा होता, तेव्हा मी मनाला गप्प बसवलं आणि पोरांकडून तालीम करून घेतली.

तृप्ती मॅडम आल्या त्या जिलेबीला हात न लावता सरळ सातवीच्या वर्गात. बाई चांगल्या होत्या, पण मिठाईला नाही म्हणणाऱ्या माणसाची मला धास्तीच वाटते. त्यांनी विचारलं, चांगला नेता कसा असतो? सगळे हात वर. मी तुषारला उठवलं, त्यानं छान सांगितलं. मित्राचं चुकलं तर काय कराल? पुन्हा सगळे हात वर, पुन्हा छान उत्तर. गिरधर सर दारात उभे राहून मिशीत हसत होते. माझाही जीव जरा भांड्यात पडला.

मग त्यांनी विचारलं, खरं बोलणं अवघड होतं, तरी तुम्ही खरं बोललात, असं कधी झालंय?

हात वर झाले, पण सगळेच डावे. कोकिळाचाही डावाच. उजवा शोधत माझी नजर बाकांवरून फिरत होती, तेवढ्यात तिनं डावा हात खाली घेतला आणि हळूच उजवा वर केला. मी सुटल्यासारखी तिचं नाव घेतलं. राजघाटाची गोष्ट सांगेल, असं मला वाटलं.

कोकिळा उभी राहिली. "मॅडम, आत्ताच. डावा हात मतलब येत नाही, उजवा मतलब येतं. मले येत नव्हतं म्हणून मी डावा केलता. मंग वाटलं, हे सांगितलं तर तेच सच बोलणं होईल."

तृप्ती मॅडमनी पेन खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, ही युक्ती कुणाची?

सगळी पोरं खाली मान घालून बसली. गिरधर सर पंख्याकडे बघू लागले. मला कोकिळाचा राग आला, खोटं कशाला बोलू. एवढा जीव लावला आणि पोरीनं ऐन वेळी घात केला, असंच वाटलं. मग दिसलं, की सगळ्यांच्या माना खाली आहेत आणि ती एकटी अजून ताठ उभी आहे. मीच तर तिला हे शिकवलं होतं. आता कोर्स गेला, हे मी मनाशी धरलं आणि हात वर केला. उजवा.

"हं, सांगा," तृप्ती मॅडम म्हणाल्या, विद्यार्थ्याला म्हणावं तसं. मी सगळं सांगितलं. पोरं माझ्याकडे टकामका बघत होती.

त्यांनी कागद मिटून पर्समध्ये टाकले. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, "पाहायचं ते मी पाहिलं. आता शेवटचं विचारते. हा कोर्स पुढच्या वर्षी हवा असेल त्यानं हात वर करा. कोणताही चालेल."

सगळ्या वर्गानं हात वर केला. कोकिळानं दोन्ही.