शंकूला वळसा

रूडी लाइतालाची परीक्षा दिसायला सोपी होती. खुर्चीतून उठायचं, दहा फुटांवरच्या नारिंगी शंकूला वळसा घालायचा आणि परत येऊन बसायचं. न पडता जमलं तर तो घरीच राहणार. नाही जमलं तर सोमवारपासून वृद्धाश्रम. डॉक्टर आणि फार्गो शहरात राहणारा त्याचा मुलगा यांनी मिळून तसं ठरवलं होतं. त्याच्या बायकोला, वर्नाला, कुणी काही विचारलं नव्हतं.

बारा आठवडे तीच त्याला चर्चच्या तळघरातल्या या वर्गाला आणत होती. पार्किन्सनचा आजार असलेल्या माणसांनी पडू नये म्हणून इथे व्यायाम घेत. पाऊल मोठं टाका, टाच आधी टेका, वळताना घाई नको. शिकवणारी डीना दर वेळी बजावायची, "ते चालत असताना त्यांच्याशी बोलू नका. एका वेळी एकच काम."

"आमची वर्ना बघा," पहिल्याच दिवशी रूडी म्हणाला होता, "पन्नास वर्षं दोन कामं एकदम करते. बडबडते आणि करपवते."

सगळे हसले. वर्नाही हसली. जानेवारीत तो न्हाणीघरात पडला, त्याला उचलताना तिच्या खांद्याचा स्नायू फाटला. तेव्हाही तो खालून म्हणाला होता, "जोर लाव की. खाताना बरा असतो जोर." अजून तिचा हात केस विंचरण्याइतका वर जात नव्हता.

आज तो झोकात उठला. डीना हात पसरून शेजारून चालत होती. भिंतीशी बसलेले बाकीचे त्याच्या पायांकडे बघत होते. सातव्या पावलाला तो शंकूपाशी पोचला आणि वळू लागला. उजवं पाऊल, डावं पाऊल. जमणार होतं. वर्नाच्या डोळ्यांपुढे न्हाणीघराची ओली फरशी आली.

"रूडी," ती सहज बोलावं तशी म्हणाली, "सौनाची चावी कुठे ठेवलीस रे?"

अंगणातला तो लाकडी सौना त्याने स्वतः बांधला होता. दर शनिवारी तो आत वाफ घेत बसायचा.

"खुंटी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. पाय जमिनीला चिकटले, धड पुढे गेलं. डीनाच्या हाती फक्त बाही लागली.

"वर्ना, किती वेळा सांगितलं मी," डीना रडकुंडीला आली.

"चुकलंच गं माझं."

"पाच मिनिटांनी परत घेऊ या."

"नको. पडला, ते लिही. उगाच खोटं कशाला?"

डीनाने थोडा वेळ पेन नुसतंच धरलं, मग लिहिलं.

वर्नाने खुर्ची जवळ ओढली आणि इथे शिकवलं होतं तशी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. त्याच्या हनुवटीतून रक्त येत होतं. भिंतीशी कुणीतरी हळूच म्हणालं, "किती करते बिचारी."

"मुद्दाम विचारलंस," रूडी कुजबुजला.

"हो," ती म्हणाली. "आता उजवा गुडघा वर घे."