राखलेलं कुरण

“कुत्री आवरा!”

बाहेरून रिवाजाप्रमाणे हाक आली, पण आवाज कुणाच्याच ओळखीचा नव्हता. दाम्बाने बाहेर जाऊन कुत्री धरली. वाकून तंबूत आला तो बाद्राख नावाचा मेंढपाळ. भुवयांवर बर्फ साचलेला. त्सेवेलमा मावशींनी दिलेला खारट दुधाचा चहा त्याने एका दमात संपवला.

“खिंडीपलीकडे काहीच उरलं नाही मावशी. बर्फ पडला, वितळला, परत गोठला. मेंढ्यांनी माना टाकल्यात. तुमच्या खोऱ्यात गवत आहे म्हणून ऐकलं.”

तंबूत इथल्या मेंढपाळांच्या गटातली माणसं जमली होती. ते खोरं गटातल्या कुटुंबांनी अख्खा उन्हाळा जनावरांपासून राखलं होतं. वसंतात कोकरं जन्मेपर्यंत तिकडे कुणी जायचं नाही, असा करार होता.

सगळ्यांच्या नजरा सोलोंगोकडे वळल्या. परदेशी मदतीवर चालणारा कुरणांचा प्रकल्प ती सहा वर्षं सांभाळत होती. दरवर्षी खोऱ्यातलं गवत कापून, वाळवून, वजन करून ती आकडे मांडायची. हिवाळ्यात काही अडलं, की एक फोन करून चाऱ्याचा ट्रक मागवायची. आजही गोदामात चारा होता, फोन खिशात होता. पण वसंतात प्रकल्प संपणार होता. मग त्या फोनला उत्तर कोण देणार? आज यांनी तिच्याशिवाय ठरवलं नाही, तर सहा वर्षांचं काम तिच्यासोबतच जीपमध्ये बसून निघून जाणार होतं.

“तूच सांग बाई,” दाम्बा म्हणाला.

“कुरण तुमचं आहे, दादा.”

“घ्या! सहा वर्षं भाषणं ठोकलीस, आणि आज नेमकी तोंडात गुळणी धरलीस?”

कुणीतरी हसलं. सोलोंगो हसली नाही. बर्फात दारी आलेल्याला परत धाडायचं नाही, हे तिथलं लहान पोरही जाणतं. त्याला आत घ्यावं तर कोकरांच्या वेळी गवत उरणार नाही. इतके तक्ते मांडले, पण पाहुण्यासाठी एकातही जागा ठेवली नव्हती. तिचा हात खिशाकडे गेला.

“घोडे किती तुझ्याकडे?” मावशींनी बाद्राखला विचारलं.

“चाळीसेक. ते अजून धड आहेत.”

“दाम्बा, सोलोंगोनं मोजलं तेव्हा गवत कुठं जास्त होतं?”

“वरच्या अंगाला. पण त्याचा काय उपयोग? वर काचेसारखा बर्फ बसलाय. मेंढीच्या खुरानं फुटतोय होय?”

“घोड्याच्या फुटेल.”

दाम्बाने डोक्यावरची टोपी मागे सारली. गटाकडे मेंढ्या आणि बकऱ्याच होत्या. बर्फ उकरायला पुरेल एवढा घोड्यांचा कळप कुणाकडेच नव्हता. वरचं गवत या साली तसंही हाती लागणार नव्हतं.

“मग घोडे पुढे, मागून आमच्या मेंढ्या, आणि याच्या शेवटी,” तो म्हणाला.

“पाहुणा शेवटी? तुझ्या आईनं ऐकलं असतं तर कान उपटला असता,” मावशी म्हणाल्या.

“बरं बाबा, आलटून पालटून! पण खालचं अंग कोकरांसाठी. तिथं याचं एक जनावर दिसलं, तर मी स्वतः खिंडीपलीकडे हाकलून येईन.”

“मंजूर,” बाद्राख म्हणाला आणि त्याने सलोख्याची खूण म्हणून तपकिरीची कुपी सगळ्यांपुढे फिरवली.

“पण करारात तर पूर्ण खोरं...” सोलोंगोच्या तोंडून निघून गेलं.

“करार आम्हीच केला ना?” मावशी म्हणाल्या. “मग बदलणारही आम्हीच.”

सोलोंगोने खिशातून रिकामा हात बाहेर काढला आणि कुपी घेतली.

सकाळी घोडे चढणीला लागले. पुढच्या पायांनी बर्फाचं कवच फोडत, शेंडे खात ते सरकत होते. मागे पिवळं गवत उघडं पडत होतं आणि मेंढ्या त्यावर तुटून पडत होत्या. घोडे पुढे सोडायची पद्धत सोलोंगोला माहीत होती. पण परक्याचे घोडे आणि आपलं अडलेलं गवत यांची अशी सांगड तिला सुचली नसती. तिला आनंद झाला, आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

“वरचं कुरण चरायला कधी बंद करणार, मावशी?”

“किती उरतंय बघू. परवा सगळे बसून ठरवतो.”

परवा सोलोंगो राजधानीत असणार होती. मावशींना ते ठाऊक होतं. त्या डोळ्यांवर हात धरून मेंढ्या बघत राहिल्या.