आळीनं झाकलेली पोरं

“कोनी इचारलं तं सांग, माजे भैनीची नातवंडं हायेत. जास्त बोलू नको.”

चुलीवरची नजर न काढता सासू बोलली होती. अकरा वर्षं झाली, तरी जिजाचा तो आवाज विनयाच्या कानातून गेला नव्हता. आता जिजाचं तेरावंही झालं होतं, आणि भेटायला आलेली तबस्सुम ओटीवर बसून मुसमुसत होती. काकी, तुम्ही आजीसारख्याच दिसायला लागलात, असं विनयाला म्हणत होती.

त्र्याण्णवचा जानेवारी. मुंबई पेटलेली, धग वसईपर्यंत आलेली. वालीवच्या कारखान्यात विनयाच्या नवऱ्याच्या, कल्पेशच्या, शेजारच्या मशीनवर याकूब कामाला होता. त्याची बायको बाळंतपणासाठी मुंबईला गेलेली, तिथेच अडकली. तिला आणायला निघताना त्याने आठ वर्षांची तबस्सुम आणि तीन वर्षांचा जुनैद याच ओटीवर आणून उभे केले. दोन दिवस म्हणाला, लागले बारा. जिजाने एकदाही विचारलं नाही, अजून किती. पेज वाढली, जुनैदला जयू म्हटलं, पोरीला कुशीत निजवलं.

विनया भ्यायली. तिचा परेश दोन वर्षांचा. कोणाच्या घरात कोण राहतं, असं विचारत अनोळखी माणसं नाक्यावर फिरू लागली, तशी तिने एका सकाळी नळावर मीरावहिनीला सांगून टाकलं, पोरं याकूबची आहेत. मीरावहिनीला सांगणं म्हणजे आळीत दवंडी. ते ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं. आळी सासूला दटावील, पोरं जातील, आपलं घर वाचेल.

दुपारपर्यंत आळीभर झालं. दटावायला कोणी आलं नाही. आळीतल्या शत्रुघ्नाच्या घरून जुनैदच्या मापाच्या दोन चड्ड्या तेवढ्या आल्या, आमच्या पोराला लहान झाल्या म्हणून.

मग संक्रांत आली. तुमच्या घाटावर ते बोरन्हान करतात ना, ते करू, जिजा सुनेला म्हणाली. “झाकलेलं लोक शोधतात. पाटावर बसवलेलं पोर कोन शोधतंय?”

रीत विनयाच्या माहेरची, म्हणून सगळं तिच्याच हातून झालं. तिनेच दोन काळी झबली शिवली, तिनेच हलव्याचे दागिने ओवले. परेश आणि जुनैद शेजारी शेजारी पाटावर बसले. आळीतली एकही बाई घरी राहिली नव्हती. प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि प्रत्येकीने दोघांच्याही डोक्यावरून बोरं ओतली, चुरमुरे ओतले, उसाचे करवे ओतले. जुनैद घाबरला आणि “अम्मी” म्हणून ओरडला.

कुंपणाशी दोन अनोळखी पुरुष येऊन उभे होते.

मीरावहिनीने पोराला कडेवर घेतलं. “टीव्ही बघून बघून आये म्हनायची लाज वाटते यांना. काल मम्मी, आज अम्मी.” मग कुंपणाकडे वळून म्हणाली, “आनि तुमी रे? बोरं वेचाला आलात? बसा पाटावर, तुमच्यापन डोक्यावर ओततो.”

बायका खदखदून हसल्या. पुरुष निघून गेले. आठवड्याने याकूब आला, बायको आणि कुशीतलं बाळ घेऊन.

तेव्हापासून दर ईदला तबस्सुम शिरखुर्म्याचा डबा घेऊन येई. आताही ती तेच सांगत होती, जे तिच्या घरात वर्षानुवर्षं सांगितलं जाई. दोन बायकांनी तोंड बंद ठेवलं, म्हणून आम्ही आहोत. आजी गेली, आता काकी, तुम्हीच.

ती पाया पडायला वाकली. विनयाने तिचे हात वरच्या वर धरले. आज बोललं तर ही पोर पुन्हा या ओटीवर चढणार नाही. नाही बोललं, तर पलीकडच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्या मीरावहिनीच्या पायाशी कोणी कधी वाकणार नाही. नळावर आपणच सांगितलं, ते सासूला कळलं होतं की नव्हतं, हे विचारायचं धाडसही तिला झालं नव्हतं. आता विचारायला सासूच उरली नव्हती.

“दोन बायका नव्हत्या गं,” विनया म्हणाली. “अख्खी आळी होती. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी बोललं नाही.”

“सगळ्यांना? त्यांना कोणी सांगितलं, काकी?”

विनयाने तिचे हात सोडले.

“मी. तुम्हाला इथून घालवावं म्हणून.”