पहिल्या काढणीचा रविवार

“मामंजी, फावडं खाली ठेवा,” नाब्ला म्हणाली. “रविवारला अजून अकरा दिवस आहेत.”

तिचा सासरा, म्हातारा कोलमन, बटाट्याच्या पहिल्या वरंब्यापाशी उभा होता. जुलैच्या शेवटच्या रविवाराआधी बटाटा उकरायचा नाही, उकरला तर घर अधाशी ठरतं, हा गावचा रिवाज. तो पाळण्यात कोलमनइतका कडक माणूस पंचक्रोशीत नव्हता आणि आज तोच भर दुपारी फावडं घेऊन आला होता.

बांधापलीकडून शेजारीण हनोराने टोमणा मारलाच. “काय हो, तुमच्याकडे रविवार लवकर उजाडला वाटतं?”

“तुझी चूल तरी कुठे पेटलीय? वास आला की ये गुपचूप,” म्हातारा म्हणाला.

पण फावडं त्याने खाली ठेवलं नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत नाब्लाचा नवरा फेस्टी म्हणाला होता, ‘बाबा, पाला हिरवा आहे तोवर काढून घेऊ, करप्याचा रोग फिरतोय.’ बाबांनी ऐकलं नाही. रविवार उजाडला तेव्हा पाला काळा आणि मातीखाली नुसता कुजका लगदा. ओटचं धान्य चांगलं पिकलं होतं, पण ते जमीनदाराच्या खंडाचं. शिपायांच्या पहाऱ्यात धान्याच्या गाड्या बंदराच्या रस्त्याने गेल्या. सरकारी दुष्काळी कामावर त्याच रस्त्याची खडी फोडता फोडता फेस्टी फेब्रुवारीत उपाशीपोटी मेला.

“त्याचं ऐकलं असतं तर निम्मे तरी हाती लागले असते,” कोलमन म्हणाला. “या वर्षी मला थांबवत नाही, पोरी.”

वर्षभर नाब्ला या म्हाताऱ्यावर मनातून धुमसत होती. आज तिला त्याची फार कीव आली. भीती तर तिलाही होती. वसंतात तिने मूठभर बटाट्यांचे डोळे कापून लावले होते आणि उरलेला गर दोघांनी खाल्ला होता. करपा आला असेल, तर जमीन सोडून सरकारी गरीबखान्यात जायचं. तिथून परतलेलं माणूस तिने पाहिलं नव्हतं.

“सगळे आत्ताच काढले तर लहानच मिळतील. हिवाळ्यात काय खायचं?” ती म्हणाली. “एकच झाड बघू. बाकीचे रविवारी.”

तिने स्वतःच मातीत हात घातला, बाहेर काढला आणि आधी हुंगला. मातीचाच वास होता. मग तीन बटाटे निघाले, अंड्याएवढे, टणक. कोलमनने एक नखाने खरवडून पाहिला. आत पांढरा होता. म्हातारा वरंब्यावरच बसला आणि रडू लागला.

घरी उकडल्यावर त्याने तीन जागी तीन वाढले. तिसरा फेस्टीच्या स्टुलासमोर.

तेवढ्यात दारात हनोरा येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पार ओढला होता.

नाब्लाने सासऱ्याकडे पाहिलं. त्याने फेस्टीचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

“बस,” तो म्हणाला. “या घरात तिघं जेवतात.”